सोवळे आणि पावित्र्य

‘पवित्र’ म्हटले, की मराठी मनापुढे पहिल्यांदा उभे राहते ते सोवळे. उंच दांडीवर काठीने वाळत घातलेले लुगडे, आणि ‘शिवू नकोस रे!’ ही स्वयंपाकघरातून आलेली हाक. आमच्या ख्रिस्ती घरात सोवळ्याची दांडी नव्हती. पण शब्द मराठीच, तेव्हा त्यामागची कल्पनाही तीच. लहानपणी मला वाटे, पवित्र म्हणजे रविवारचे परीटघडीचे कपडे आणि आठवडाभर कोणी हात न लावलेले कपाटातले मोठे बायबल.

मूळ हिब्रू शब्द आहे ‘कादोश’. देवासाठी वेगळे काढून ठेवलेले, असा त्याचा भाव. म्हणजे सोवळ्याच्या शेजारचाच की! लेवीय या पुस्तकात विटाळाचे नियमही पुष्कळ आहेत. पण त्याच पुस्तकाचा १९ वा अध्याय उघडावा. देव पवित्र आहे म्हणून तुम्हीही व्हा, असे बजावून पुढे सांगितले आहे काय? तर शेताची कड कापू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. आंधळ्याच्या वाटेत अडथळा टाकू नका. तराजू खरा असू द्या. पावित्र्य शोधायला देवळाची वाट धरावी, तर ते भेटते शेताच्या बांधावर आणि वाण्याच्या दुकानात!

माझ्या आईला हिब्रू येत नव्हते. पण लाकडे फोडायला आलेल्या गड्याचे पैसे दिवेलागणीच्या आत त्याच्या हातावर पडलेच पाहिजेत, हा तिचा नियम. सुटे नसले, तर ती मला वाण्याकडे पिटाळी. “त्याची चूल काय उद्या पेटायचीय?” एवढेच म्हणे.

विटाळाची रीत एकेरी असते. दुधात मिठाचा खडा पडला, की दूध नासते. दुधाने मीठ काही गोड होत नाही. म्हणून तर सोवळ्याला सदा जपावे लागते. मार्काच्या शुभवर्तमानात मात्र उलटे घडते. एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. शास्त्राप्रमाणे त्याला शिवणारा अशुद्ध व्हायचा. येशू शब्दानेही त्याला बरे करू शकला असता. पण तो हात पुढे करून त्याला शिवतो, आणि शुद्ध होतो तो रोगी! इथे विटाळ लागत नाही, पावित्र्य लागते.

हे कळणे सोपे, अंगवळणी पडणे कठीण. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. त्यांचे सोवळे एका दिवसात सुटले नाही, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. आणि आम्हा सर्वांचे ते सुटले आहे, असे मी तरी कोणत्या तोंडाने म्हणू? सोयरीक जुळवताना पूर्वाश्रमीची जात हळूच विचारणारी ख्रिस्ती घरे मी पाहिली आहेत. रविवारी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायचे आणि सोमवारी हे विचारायचे! दांडी गेली, काठी तेवढी हातात राहिली.

जखऱ्या संदेष्ट्याने एक स्वप्न लिहून ठेवले आहे. महायाजकाच्या पागोट्यावरील सोन्याच्या पट्टीवर जी पवित्र अक्षरे कोरलेली असत, तीच त्या दिवशी घोड्यांच्या घंटांवर दिसतील. आणि यरुशलेमेतले घरोघरचे प्रत्येक भांडे मंदिरातल्या भांड्याइतकेच पवित्र होईल.

घोडे आता रस्त्यावर फारसे उरले नाहीत. भांडी मात्र घरोघर आहेत. माझ्या घरी आणि, वाचकहो, तुमच्याही घरी, फडताळाच्या कोपऱ्यात कामवाल्या बाईसाठी एखादा कानतुटका कप वेगळा ठेवलेला असतो का? असला, तर या दिवाळीच्या साफसफाईत तो काढून टाकावा, आणि तिचा चहा आपल्याच कपात ओतावा. पावित्र्याची सुरुवात करायला एवढी जागा पुरे आहे.