सामाईक तार

दरवर्षीं जून-जुलै उजाडला कीं आमचे कांहीं माजी विद्यार्थी भेटावयास येतात. कोणास पवईस प्रवेश मिळालेला असतो, कोणी घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या महाविद्यालयांत नांव घातलेलें असतें. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून झाला म्हणजे आम्ही त्यांस एक प्रश्न हटकून विचारतों : "संगणक वापरण्याच्या नियमांवर सही केलीस ना? त्यांत काय लिहिलें होतें?" आजपर्यंत एकाही मुलानें याचें सरळ उत्तर दिलेलें नाहीं. "सर, तें कोण वाचतो? खालीं खूण केली कीं झालें," असें म्हणून तीं मुलें हंसतात.

ते कागद कंटाळवाणे असतात, हें आम्हांस मान्य आहे. सात-आठ पानें कलमें, आणि प्रत्येक कलमाच्या शेवटीं शिक्षेची धमकी! परंतु चाळींत वाढलेल्या मनुष्यास त्यांतील बरींच कलमें ओळखीचीं वाटतील. सामाईक नळ असला कीं कोणीं केव्हां भरावें, बादली लावून कोणीं निघून जाऊं नये, नळावर धुणें धुऊं नये, असे नियम आपोआप उत्पन्न होतात. विद्यापीठांतील संगणकाचे नियमही मुळांत अशाच एका नळापायीं उत्पन्न झाले. आणि तो नळ, आपल्या देशापुरतें बोलावयाचें तर, आपल्याच उपनगरांत होता.

त्याहीपूर्वीं, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सीडीसी ३६०० हें यंत्र बसविण्यांत आलें, तेव्हां छिद्रें पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा देऊन उत्तराची वाट पाहात बसावें लागे. एकाच्या गठ्ठ्यांत चूक असली कीं त्याची पाळी फुकट जाई. असो. उपनगरांतील हकीकत पुढची आहे. अंधेरी स्टेशनाच्या पश्चिमेस जुहू येथें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होतें. पूर्वेस पवईच्या तलावाकांठीं १९५८ सालीं स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. १९८६ सालीं भारत सरकारनें संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्यानें 'अर्नेट' नांवाचें शिक्षणसंस्थांचें जाळें विणावयास घेतलें. त्यांत प्रथम अवघ्या आठ संस्था होत्या, व त्यांपैकीं दोन ह्या. जुहूहून पवईस टेलिफोनची जोडणी करून संगणकावरील पत्रें जाऊं लागलीं, तीं या देशांतील अशा पत्रव्यवहाराच्या अगदीं आरंभींचीं होत. जुहूच्या केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमाणी यांस पुढें २०१४ सालीं 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्यें स्थान मिळालें.

१९८९ सालीं जुहूहून थेट अमेरिकेशीं एक कायमची तार जोडली गेली. तिचा वेग सेकंदास ९,६०० बिट, म्हणजे रोमन लिपींतील सुमारें हजार-बाराशें अक्षरें! आज तुमच्या खिशांतील फोननें काढलेलें तीन मेगाबाइटचें एक छायाचित्र त्या तारेवरून धाडावयाचें म्हटलें, तर चाळीस मिनिटें लागलीं असतीं. आणि तेवढा वेळ कानपूर, खरगपूर, मद्रास, दिल्ली येथील साऱ्या अभ्यासकांनीं हात जोडून बसावें लागलें असतें. अशा स्थितींत त्या जाळ्याचा उपयोग केवळ शिक्षण व संशोधन यांसाठींच करावा, हा नियम कोणास जाचक वाटला नसावा. अमेरिकेंतही नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या जाळ्यावर याच जातीचा नियम होता. तें जाळें ३० एप्रिल १९९५ रोजीं बंद झालें. व त्याच वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं विदेश संचार निगमनें आपल्याकडे इंटरनेट सर्वांस पैसे देऊन खुलें केलें. तार रुंद झाली. नियमांचा कागद मात्र लांबतच गेला.

तार रुंद झाल्यावर सामाईक तें काय उरलें? आमच्या मतें पुष्कळ उरलें. ग्रंथालयाचेंच पाहा. महाविद्यालयाच्या संगणकावरून जीं शास्त्रीय नियतकालिकें वाचावयास मिळतात, त्यांची वर्गणी एकट्यादुकट्यास झेपणारी नसते. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारनें 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना सुरू केली. तीन वर्षांस ६,००० कोटि रुपये खर्चून सुमारें १३,००० नियतकालिकें सरकारी विद्यापीठांस व संशोधनसंस्थांस उघडीं करून दिलीं. हा पैसा तुमच्या आईबापांच्या करांतून गेला आहे. आतां एखाद्या उत्साही विद्यार्थ्यानें यंत्राकरवीं एका रात्रींत एखाद्या नियतकालिकाचे सारे अंक उतरवून घेतले, तर प्रकाशक त्या एकट्यास अडवीत बसत नाहीं. तो त्या संस्थेची सारी वाटच कांहीं काळ बंद करूं शकतो. मग शेजारच्या इमारतींत प्रबंध लिहीत बसलेल्या मुलीस दोन दिवस लेख उघडत नाहीं, व कां उघडत नाहीं हेंही तिला कळत नाहीं.

दुसरी सामाईक वस्तु म्हणजे एकमेकांच्या नांवांवरील विश्वास. हिच्यासाठीं पासवर्डाचें कलम असतें. आमच्या ओळखीच्या एका मुलानें (महाविद्यालयाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं) आपला पासवर्ड खोलींतील सोबत्यास दिला. सोबती स्वतःचा विसरला होता, निबंध दुसऱ्या दिवशीं सादर करावयाचा होता, व नाहीं म्हणणें याच्या जिवावर आलें. सोबत्यानें निबंध तर धाडलाच. पण पुढें तीन रात्री त्याच नांवानें चित्रपट उतरवून घेतले. नोंदींत नांव उमटलें तें आमच्या मुलाचें, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर त्याचें खातें पंधरा दिवस बंद झालें. "मीं कांहींच केलें नाहीं," असें तो म्हणे, व तें अक्षरशः खरें होतें. परंतु यंत्रास चेहरा ओळखावयाचा नसतो, त्यास फक्त नांव दिसतें. त्यानें सोबत्याचें नांव शेवटपर्यंत कोणास सांगितलें नाहीं. त्याचें तें मौन आम्हांस आवडलें. सोबत्याचें मौन मात्र आम्हांस अजून डांचतें. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनें वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क या कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, हें येथें सांगून ठेवतों. कारण वसतिगृहांत ही गोष्ट थट्टेवारी नेली जाते.

आतां अशीं कलमें, कीं ज्यांमागें कोणतीही सामाईक वस्तु आम्हांस सांपडत नाहीं. "आक्षेपार्ह मजकूर लिहूं नये," "कोणास त्रास होईल असें कांहीं धाडूं नये." कोणास? किती त्रास? शब्द असे सैल असले कीं ते हातांत धरणाराच्या मर्जीप्रमाणें वळतात. याचा दाखला दूर शोधावयास नको. नोव्हेंबर १९१२ नव्हे, २०१२ सालची गोष्ट आहे ही : बोरिवलीच्या पुढें रेल्वेनें जेथें जातां येतें त्या पालघरांत, मुंबई बंद राहिल्याविषयीं एका तरुणीनें फेसबुकावर मत लिहिलें व तिच्या मैत्रिणीनें त्यास पसंती दर्शविली, एवढ्यावरून दोघींस अटक झाली. त्या वेळीं ज्याचा आधार घेण्यांत आला त्या ६६ अ कलमांत 'त्रास' व 'गैरसोय' असलेच शब्द होते. सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं तें कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलें. कायद्यांतून गेलेले हे शब्द महाविद्यालयांच्या कागदांत अजून दिसतात. तसें कलम आढळल्यास त्याचा अर्थ लेखी विचारावा, असें आम्ही मुलांस सांगतों. विचारणें हा उद्धटपणा नव्हे.

राहतां राहिली रात्र. व तिच्याविषयीं आमचें मन अद्यापि एका बाजूस ठरलेलें नाहीं. मार्च २००७ मध्यें पवईच्या संस्थेनें वसतिगृहांच्या खोल्यांतील इंटरनेट रात्रीं ११ पासून दुसऱ्या दिवशीं दुपारीं १२.३० पर्यंत बंद ठेवण्याचें ठरविलें. मुलें रात्ररात्र खेळांत व गप्पांत संगणकापुढें बसतात, सकाळच्या तासास झोंपतात अथवा येतच नाहींत. वसतिगृहांतील एकत्र बसणें-उठणें नाहींसें झालें, दोन दारें पलीकडे कोण राहतो हेंही कित्येकांस ठाऊक नसतें, ही अधिकाऱ्यांची तक्रार होती. त्याच्या मागें काळजी होती, हें उघड आहे. विद्यार्थी नाराज झाले. आपलें आयुष्य घड्याळास बांधलें जावें हें त्यांस रुचलें नाहीं.

आम्हांस दोन्ही बाजू पटतात, पण सारख्या नव्हेत. मित्रमंडळी व झोंप याही सामाईक वस्तु आहेत, तेव्हां त्यांच्या रक्षणास नियम असण्यास आमची हरकत नाहीं. परंतु रात्रीं दहास निजून पहांटे पांचास अभ्यासास उठणाऱ्या शहाण्या मुलानें काय केलें होतें, कीं त्याचीही तार दुपारपर्यंत तोडावी? पांचापर्यंतच बंदी असती, तर आम्ही अधिकाऱ्यांच्या बाजूनें बोललों असतों. शिवाय तार तोडल्यानें मुलें एकमेकांच्या खोल्यांत जाऊं लागतील हें आपोआप घडत नाहीं. कोणी आपल्या खोलींत एकटाच छताकडे पाहात पडूं शकतो. आज तर प्रत्येकाच्या खिशांतील फोनची स्वतःची जोडणी असते. संस्थेनें आपली कळ दाबली तरी रात्र उजेडाचीच राहते.

मध्यंतरीं मुलुंडच्या एका विद्यार्थ्याच्या मातोश्री हाच प्रश्न घेऊन आल्या होत्या. मुलगा प्रथमच वसतिगृहांत राहावयास गेला होता. रात्रीं इंटरनेट बंद ठेवण्याविषयीं महाविद्यालयास अर्ज करावा काय, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं म्हटलें, "बाई, अर्ज खुशाल करा. पण मुलगा दिवाळीस घरीं आला म्हणजे आधीं त्यास एवढेंच विचारा, कीं तुझ्या शेजारच्या खोलींत कोण राहतो, त्याचें गांव कोणतें, आणि तो दिवाळीस घरीं गेला कीं तेथेंच राहिला."