पंख धरणाऱ्यांचा हिवाळा

डिसेंबरात सकाळी सातच्या सुमाराला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या मैदानावर गेलं, तर आधी धूर कुठे जातो ते पाहावं. सासवड रस्त्याकडच्या एखाद्या शेकोटीतून तो सरळ वर निघतो, थोडा चढतो आणि कशाला तरी अडून आडवा पसरतो. रात्रभरात जमीन गार पडलेली असते, तिला लागून असलेली हवाही गार. वर मात्र तिच्याहून उबदार हवेचा थर. जड हवा खाली, हलकी वर, आणि दोघींनाही हलायचं काही कारण नाही. कानटोपी-मफलर लपेटून फिरायला आलेली मंडळी हात चोळत फेऱ्या मारतात. घारी खांबांवर पंख आवळून बसलेल्या असतात. बिनइंजिनाच्या विमानाचं वेड लागलेली माणसं मात्र नेमकी याच वेळी हँगरची दारं ढकलतात.

घारी बसल्यात, मग माणसांना एवढी घाई कसली? तर नवशिक्याला हवी असते ती हीच हवा. मे महिन्यातल्या दुपारी तापल्या जमिनीवरून उठणारे झोत ग्लायडरला वर नेतात, तसे हिसकेही देतात. पंख कलला तो आपल्या हाताने की हवेने, हेच नवख्याला उमगत नाही. थंडीतल्या सकाळी असा घोटाळा होत नाही. दांडा डावीकडे नेला की विमान डावीकडे कलतं, आणि चूक झाली तर ती शंभर टक्के आपलीच. मागच्या सीटवर शिक्षक बसवून घेतलेले धडे पक्के करायचे आणि एक दिवस ती सीट रिकामी ठेवून उडायचं, त्याचे हे दिवस. उंच आणि लांब जायचे बेत उन्हाळ्यासाठी ठेवलेले असतात.

पुण्यात ग्लायडिंग आलं ते १९५० साली. नव्या देशाला वैमानिक हवे होते, इंजिनाची विमानं आणि त्यांचं इंधन दोन्ही महाग होतं, तेव्हा हा स्वस्तातला श्रीगणेशा शहाणपणाचाच म्हणायचा. या खेळाचा जन्मही असाच अडचणीतून झालेला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधनं घातली, तेव्हा तिथल्या पोरांनी १९२० मध्ये ऱ्होनच्या डोंगराळ भागातल्या वासरकुप्पेच्या माथ्यावर घरी बांधलेली ग्लायडरं नेऊन स्पर्धाच भरवली. बंदीतून पळवाट निघाली आणि पळवाटेचा छंद झाला. हडपसरचं केंद्र नागरी विमान वाहतूक खात्याचं, म्हणजे अस्सल सरकारी. पण ग्लायडिंगचा स्वभावच असा, की सरकारी आवारातही त्याचा क्लब होतो. एकट्याने करता येण्याजोगं यात फारच थोडं आहे.

त्या सुरुवातीच्या उत्साहात खात्याच्या दिल्लीतल्या तांत्रिक केंद्राने ग्लायडरं देशातच घडवायला घेतली. एस. राममृतम यांनी आराखडे केले. ‘अश्विनी’ १९५८ मध्ये उडालं, ‘रोहिणी’ १९६१ मध्ये, ‘कार्तिक’ १९६३ मध्ये. शिवाय ‘भरणी’ आणि पुढे ‘मृगशीर’. सरकारी फायलीत पंचांग उघडून बसणाऱ्या त्या अनाम रसिकाला दाद द्यायला हवी. ‘रोहिणी’त शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसत, म्हणजे चूक झाल्यावर सरांचा चेहरा लगेच दिसायची सोय. शेतकऱ्याला रोहिणी आणि मृगाची वाट पावसासाठी पाहावी लागते. या नक्षत्रांचं उलटं: पाऊस आला की ती हँगरात.

पावसाळ्यात मैदान चिखलाचं होतं, गवत गुडघ्याला लागतं, ग्लायडर वर खेचणाऱ्या विंचची तार ओढायची सोय राहत नाही. दुरुस्त्या, तपासण्या, रंगरंगोटी हे सारं त्या महिन्यांत. इंग्लंडातल्या क्लबांचं वेळापत्रक याच्या नेमकं उलट चालतं. डन्स्टेबलच्या टेकडीखाली १९३० पासून असलेल्या लंडन ग्लायडिंग क्लबसारख्या ठिकाणी थंडीचा दिवस चारच्या सुमाराला मावळतो आणि गवत पाण्याने भिजलेलं असतं. मग सभासद पंख उतरवून वर्षाची तपासणी करतात, पॉलिश करतात, संध्याकाळी हवामानाच्या परीक्षेचा अभ्यास करतात. पश्चिमेचा वारा टेकडीवर आपटून वर वळला, तर त्या वाऱ्यावर बोटं गोठेपर्यंत फेऱ्या मारून घेतात. आपला पावसाळा तो त्यांचा हिवाळा. कामं मात्र दोन्हीकडे तीच.

हडपसरला थंडीत पहिलं काम दव पुसण्याचं. पंखांवर बारीक थेंबांची खडबडीत साय धरलेली असते आणि हवा पंखावरून गुळगुळीत वाहिली नाही, तर उचल कमी पडते. जुन्या सुती फडक्यांना इथे फार मान. पुसता पुसता हात पंखावरून फिरतो, एखादा पोचा, सुटलेला रिव्हेट बोटांनाच आधी सापडतो. मग रोजची तपासणी: पंख जोडणाऱ्या पिना, नियंत्रणाच्या तारा, चाक, हूक. याला कंटाळणाऱ्या पोरांना ब्लानिकची गोष्ट सांगावी. चेकोस्लोव्हाकियात १९५६ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या एल-१३ ब्लानिक या धातूच्या ग्लायडरने जगभरच्या क्लबांत पिढ्यान् पिढ्या शिकवल्या. २०१० साली ऑस्ट्रियात त्यातल्या एकाचा पंख हवेतच निखळला, दोघं गेले. पंखाच्या मुख्य तुळईतला धातू वर्षानुवर्षांच्या ताणाने थकला होता. त्यानंतर जगभरची ब्लानिकं जमिनीवर उभी राहिली.

तपासणी झाली की ढकलणं. जिथून उडायचं तिथवर विमान माणसांनीच न्यायचं: दोघं पंखाच्या मुळाशी, एक टोकाशी. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, किलोमीटरभर लांब, विंच असते: दणकट इंजिन, तारेचं मोठं रीळ, चालकाभोवती जाळीचा पिंजरा आणि अडचण आलीच तर तार तोडायचं पातं. ग्लायडर आणि तारेच्या मधे एक मुद्दाम कच्ची ठेवलेली कडी असते. ठरावीक ताणापुढे तीच तुटावी, पंख तुटू नये.

मग येतो पंख धरणारा. ग्लायडर एका चाकावर उभं असतं, म्हणून एक पंख कायम जमिनीला टेकलेला. बहुधा सगळ्यांत नव्या पोराकडे हे काम येतं, आणि ते वाटतं त्याहून जोखमीचं आहे. पंख उचलून सरळ धरायचा. वर कुणी उतरायला येतंय का, मागे कुत्रं किंवा फिरायला आलेले आजोबा आहेत का, हे पाहायचं. मगच विंचला इशारा. ढिली तार आधी हळूहळू ताणली जाते, मग विंचवाला इंजिन पिळतो. चार पावलं पळेपर्यंत पंख हातातून निसटलेला असतो. ग्लायडर पतंगासारखं उभं चढतं, अर्ध्याएक मिनिटात हजार फूट गाठतं. वर हूक सुटतो आणि तार आपल्या छोट्या छत्रीला लटकत खाली येते. आता विमानात फक्त वाऱ्याची शीळ. काचेवर चिकटवलेला लोकरीचा एक तुकडा मधोमध सरळ राहिला, तर समजायचं विमान आडवं घसरत नाही. यंत्रांनी भरलेल्या महागड्या ग्लायडरांतही हा लोकरीचा तुकडा असतोच. पूर्ण विमानविद्येत इतकं स्वस्त आणि इतकं प्रामाणिक उपकरण दुसरं नसेल.

हिशेब साधा आहे. ब्लानिकसारखं ग्लायडर शांत हवेत एक मीटर खाली येताना २८ मीटर पुढे जातं. म्हणजे ३०० मीटरवरून कागदावर आठ किलोमीटरच्या वर. प्रत्यक्षात मैदानाभोवती चौकोनी फेरी मारायची आणि पाचसहा मिनिटांत उतरायचं. त्या पाचसहा मिनिटांसाठी दव पुसणारे, ढकलणारे, विंचवाला, पंखवाला, तार परत ओढून आणणारा, वेळेची वही धरणारा, एवढी सगळी माणसं खपलेली असतात. या छंदात खरा वेळ जातो जमिनीवर, आणि ज्याला हे जमिनीवरचं काम आवडत नाही तो दुसऱ्या हिवाळ्याला दिसत नाही. पहिलं एकटं उड्डाण करून आलेल्याचं कौतुक होतं, पाठीवर थापा पडतात आणि लगेच कुणीतरी म्हणतं, ‘चल, आता पुढच्याचा पंख धर.’

अकराच्या सुमाराला मैदानाचा नूर पालटतो. ऊन लागून जमीन तापते, वरचं झाकण फाटतं, उबदार हवेचे लोट सुटायला लागतात. उन्हाळ्यात अशा लोटाच्या डोक्यावर कापसी ढग धरतो आणि जागा लांबून कळते. डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या हवेत बहुतेक ढगच नसतो. निळ्या आभाळात वर जाणारी हवा शोधायची ती घारींवरून. घार पंख न हलवता गोल गोल फिरत चढतेय म्हटल्यावर ग्लायडर तिच्या चक्रात शिरतं, तिच्याच दिशेने वळत. घारींनाही याचं काही वाटत नसावं. हडपसरला त्यांची वाण कधीच पडली नाही. फुरसुंगी-उरुळीच्या कचऱ्याने नागरिकांना जेवढं छळलं, तेवढं या पक्ष्यांना पोसलं. चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या वॅरिओमीटरचा काटा वर सरकतो, सेकंदाला एक मीटर, कधी दीड. पाच मिनिटांचं उड्डाण पंचवीस मिनिटांचं होतं आणि खाली रांगेतले घड्याळ पाहू लागतात. वर किती जायचं हे मात्र घार ठरवत नाही. लोहगावचा हवाई दलाचा तळ अगदी शेजारी, त्यामुळे उंचीची मर्यादा तिथली.

हिवाळ्याचा जोर किती असतो हे पाहायचं तर अर्जेंटिनात जावं. दक्षिण गोलार्धातल्या थंडीत अँडीजवरून येणारा वारा डोंगरापलीकडे लाटा उठवतो, आणि त्या लाटा पार स्थितांबरापर्यंत पोचतात. सप्टेंबर २०१८ मध्ये जिम पेन आणि टिम गार्डनर यांनी एल कालाफातेजवळ ‘पर्लान २’ हे बिनइंजिनाचं विमान ७६,१२४ फुटांवर नेलं. प्रवासी विमानं उडतात त्याच्या जवळजवळ दुप्पट उंची.

महाराष्ट्रात थंडी अशा इतरही वेड्यांना बाहेर काढते. कामशेतच्या डोंगरांवर पाऊस सरला की पॅराग्लायडरच्या रंगीत छत्र्या उघडतात. रविवारी मोकळ्या मैदानांवर बाल्सा आणि थर्माकोलची विमानं घेऊन लोक येतात, त्यांत पन्नाशीचे गृहस्थ नातवाच्या नावाखाली स्वतःच खेळत असतात. ऋतूंची ही बांधिलकी जुनीच आहे. १९२८ साली सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या जुहूच्या धावपट्टीवर पावसाळ्यात पाणी भरे; तिथून टपाल नेणाऱ्या जे. आर. डी. टाटांना तेवढे महिने बस्तान पुण्याला हलवावं लागे. आणि ज्याला मैदानच नाही तो काय करतो? कांदिवलीच्या अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवरच विमान बांधायला घेतलं. २०१६ मध्ये ते वांद्र्याच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. बांधण्यात गेली त्याहून जास्त शक्ती त्यांची कागदपत्रांत गेली असावी, असं वाटतं.

फेब्रुवारी उजाडला की हडपसरच्या गप्पांचा विषय बदलतो. दुपारी पहिले ढग दिसायला लागतात आणि कुणीतरी रुपेरी बिल्ल्याच्या अटी काढतं: पाच तास हवेत, हजार मीटर चढ, पन्नास किलोमीटर अंतर. पन्नास म्हणजे सरळ रेषेत साधारण नीरेपर्यंत. लोहगावची परवानगी, वाऱ्याची दिशा, सासवडच्या डोंगरांवर मिळणारी उचल, यांवर नकाशा पसरून वाद होतात. मुख्य प्रश्न असतो हवा संपली तर उतरायचं कुठे. जानेवारीत रब्बीची ज्वारी डोक्याएवढी उभी असते, तिच्यात उतरणं म्हणजे पीकही जाणार आणि पंखही. ऊस तर बाराही महिने वाईट. फेब्रुवारी-मार्चात ज्वारी निघाली की रानं मोकळी होतात. मग फक्त ताली आणि विहिरी चुकवायच्या, विजेच्या तारा आधी शोधायच्या, आणि उतरल्यावर ट्रेलर येईस्तोवर जमलेल्या गावकऱ्यांना सांगत बसायचं, की इंजिन पडलेलं नाही, ते मुळात नव्हतंच.