जळले ते उरले

इनामगाव, तालुका शिरूर. घोड नदीचा काठ. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात इथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली ठळक नावे. इ.स.पू. 1600 ते 700, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षे हे गाव नांदते होते. मातीची घरे, धान्याची पेवे, पुराला आडवा बांध, पाण्यासाठी कालवा. आज या भागात भाकरी म्हटली की ज्वारीची नाहीतर बाजरीची. त्या लोकांचे मुख्य धान्य होते जव. जोडीला थोडा गहू, मसूर, लाख, वाटाणा, कुळीथ. रानातली बोरेही.

*

हे कळले ते करपलेल्या दाण्यांवरून. चांगला दाणा मातीत पडला की कुजतो, उगवतो किंवा मुंग्या नेतात. तोच राखेत दबून, पुरेशी हवा न मिळता कोळसा झाला की त्याला खाणारे कोणी उरत नाही. जवाचा दाणा दोन्ही टोकांना निमुळता, गव्हाचा पोटाशी फुगलेला. ही ठेवण तीन हजार वर्षांनीही भिंगाखाली ओळखू येते. म्हणजे आपल्या हाती येते ते सांडलेले, करपलेले आणि आगीत सापडलेले. जे नीट शिजले आणि पोटात गेले, त्याची नोंद सहसा राहत नाही.

*

पालेभाजी जवळजवळ कधीच सापडत नाही. तीळ, जवस यांच्यात तेल असल्याने ते आगीत बहुधा फुटतात, विरूपही होतात. एखाद्या अहवालात भाजी नाही म्हणून ‘ते लोक भाजी खात नसत’ असे लिहिणाऱ्याचे पुढचे पान वाचू नये.

*

काम असे चालते. चुलीजवळची, पेवातली, उकिरड्यातली माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरतात. ती पाण्याच्या टाकीत सोडून हलक्या हाताने ढवळतात. माती तळाशी बसते, कोळसा हलका म्हणून काळ्या साईसारखा वर येतो. तो पाव मिलिमीटर भोकांच्या चाळणीवर घेऊन सावलीत वाळवतात. कडक उन्हात दाणे तडकतात. पुढे सूक्ष्मदर्शक, बारीक ब्रश, चिमटा आणि तासन् तास निवडणे. बहुतेक ऐवज म्हणजे लाकडी कोळशाचा चुरा, आजची मुळे आणि गोगलगायींचे बारीक शंख.

ही पद्धत रुळण्याआधी खणताना डोळ्यांना दिसेल तेच उचलले जाई. गहू, तांदूळ, वाटाणा दिसतो. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा राळा किंवा सावा मातीबरोबर फेकला जातो. जुन्या अहवालांत भरडधान्ये कमी दिसली तर आधी चाळणी कोणती होती ते विचारावे.

*

काळ्या जमिनीची एक खोड. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि वरचा दाणा हात-दोन हात खाली जातो. उंदीर-घुशी उरलेले काम करतात. त्यामुळे न जळलेले बी प्राचीन धरत नाहीत, आणि महत्त्वाचा एखादा दाणा असला की थराच्या वयावर विसंबून न राहता त्या दाण्याचेच कार्बन-कालमापन करतात.

*

दाण्यापेक्षा कचरा जास्त बोलतो. मळणी, उफणणी, चाळणे, पाखडणे, निवडणे: प्रत्येक पायरीला वेगळा कचरा निघतो. काड्या आणि फोलपटे खळ्यावर पडतात. धान्याच्याच आकाराचे तणाचे बी शेवटपर्यंत टिकते, ते घरात कोणीतरी बसून वेचते आणि चुलीत टाकते. म्हणून घरात फक्त असे तण सापडले, तर मळणी-उफणणी दुसरीकडे झाली असे धरता येते. ओलीचे तण असेल तर शेताला पाणी होते का, हाही प्रश्न विचारता येतो.

अर्थात गोवऱ्या जाळत असतील तर सगळा हिशेब बदलतो. शेणातून आलेले बी हे गुराचे जेवण; त्याला माणसाचे ताट समजून चालत नाही.

*

इ.स.पू. 1000 नंतरचे इनामगाव वेगळे दिसते. चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या, गहू जवळपास नाहीसा, जव कमी, हरणांची हाडे जास्त. ढवळीकरांनी दुष्काळाकडे बोट दाखवले आणि ते मत पाठ्यपुस्तकी झाले. पण लोणार सरोवराच्या गाळाचा सुमारे दहा मीटरचा स्तंभ काढून केलेला, 2014 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पावसाच्या दीर्घ तुटीचे दोन काळ दाखवतो: एक आजपासून 4600 ते 3900 वर्षांपूर्वीचा, दुसरा 2000 ते 600 वर्षांपूर्वीचा. दोन्ही इनामगावच्या आयुष्याबाहेर पडतात. लोणार म्हणजे शिरूर नव्हे, हे मान्य. तरीही ‘पाऊस गेला, गाव उठले’ हे उत्तर मला फार सोपे वाटते.

*

परागकणांची मर्यादा: गवतांचे पराग एकमेकांसारखे दिसतात. माळावरचे गवत की पेरलेले भरडधान्य, हे त्यांच्यावरून सांगणे फार अवघड. तिथे दाणाच हवा.

*

पण दाणाही फसवू शकतो. उदाहरणार्थ नाचणी. मूळची आफ्रिकेतली. दक्षिण भारतात फार प्राचीन नाचणी मिळाल्याच्या बऱ्याच जुन्या नोंदी डोरियन फुलर यांनी तपासल्या. अनेक ठिकाणी साल गेलेले, फुगलेले देशी भरडधान्य नाचणी म्हणून नोंदले गेले होते, असे त्यांचे म्हणणे. ज्वारी-बाजरीही आफ्रिकेतूनच आल्या. मिरची, शेंगदाणा, मका तर अमेरिकेतून, पोर्तुगीज काळात. कुळीथ आणि मूग मात्र दक्षिण भारताच्या शेतकऱ्यांनी माणसाळवलेले. ‘अस्सल मराठमोळी थाळी’ अशी पाटी दिसली की मी कुळथाचे पिठले आहे का ते विचारतो. बहुधा नसते.

*

जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढरी म्हणतात. तिची राखमिश्रित माती खत म्हणून शेतात जाते. ट्रॅक्टर आल्यापासून फार भराभर जाते. तुमच्या गावात पांढरी असेल तर ती उपसू देऊ नका. विहीर किंवा पाया खणताना काळे, करपलेले दाणे दिसले तर धुऊ नका, वेचू नका. जागच्या जागी राहू द्या आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.