दुबार प्रत

गतवर्षी देवगडमधील जुने घर रिकामे करण्याची वेळ आली, तेव्हा नको असलेल्या वस्तूंची छायाचित्रे आम्ही ओएलएक्सवर टाकली. शिलाई यंत्र आणि खुर्च्या आठवड्याभरात गेल्या. खाऱ्या हवेने लोखंडी कपाटाला चढलेला गंज आम्ही जाहिरातीत प्रामाणिकपणे नोंदवला, तरी ‘शेवटचा भाव बोला’ हे चुकले नाही.

अडचण पुस्तकांची झाली. उपयोगी पुस्तके आपल्या शाळेच्या ग्रंथालयाला आधीच दिली होती. उरल्या दुबार प्रती. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली प्रकाशित केलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’च्या पहिल्या खंडाच्या आमच्याकडे दोन प्रती होत्या. एक एम.ए.च्या वेळी आम्ही घेतलेली, दुसरी वडिलांची. मुंबईत गिरणीत राबणारे आमचे वडील महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर जात आणि शिवाजी पार्कातील स्टॉलवरून एखादे पुस्तक आणीत. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हते. ‘तुम्ही वाचा,’ एवढेच म्हणत. त्या प्रतीच्या कडा आता कसरीने खाल्ल्या होत्या.

घाईत दोन्ही प्रतींचे छायाचित्र एकत्रच गेले. कणकवलीहून एक विद्यार्थी एसटीने आला आणि त्याने नेमकी वडिलांचीच प्रत उचलली.

“सर, ही स्वस्त पडेल ना?”

आम्हांला पटकन उत्तर सुचेना. (इतिहास शिकवणाऱ्याची ही अवस्था!) अखेर आमची धडधाकट प्रत त्याच किमतीत त्याच्या हाती ठेवली. ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या भाषणावरील आमच्या पेन्सिलच्या खुणा मात्र पुसायच्या राहून गेल्या.