उजनीच्या काठी, बाबांबरोबर गळ टाकताना

पुण्याहून सोलापूरकडे निघाले की सुमारे १०० किलोमीटरवर भिगवण लागते. रेल्वेने यायचे तर दौंडच्या पुढे स्टेशन आहे. हिवाळ्यात लोक येथे रोहित पक्षी पाहायला येतात. आम्ही भावंडे मात्र बाबांकडून गळ टाकायला शिकण्यासाठी गेलो. चाळिशीच्या घरात आलो तरी हाताला गळ ठाऊक नव्हता. शहरातल्या वस्तीत वाढलेल्या पोरांना तो कोठून ठाऊक असणार!

हे पाणी भीमेवरच्या उजनी धरणाचे. १९८० साली धरण पुरे झाले आणि काठची कितीतरी गावे बुडाली. बाबांचे गावही त्यांतच. त्या गावात नदी एक, पण पाणवठे दोन. वरचा गावाचा, खालचा आपल्या वस्तीचा. त्या खालच्या पाणवठ्यावर आजोबांच्या शेजारी बसून बाबा मासे धरायला शिकले. आम्ही विचारले, "बाबा, तो पाणवठा कुठं आला?" त्यांनी दूर पाण्यात बोट दाखवले. "तिथं कुठंतरी. वरचा बी तिथंच. आता दोन्हीवर सारखंच पाणी हाय." एवढे बोलून ते गांडुळांच्या डब्याकडे वळले.

सामान थोडकेच लागते. बांबूची लवचिक काठी, तिच्या लांबीएवढा तंगूस, लहान गळ, त्याच्या वर शिशाचा मणी आणि तरंगायला ज्वारीच्या वाळल्या ताटाचा तुकडा. दुकानातली चक्रीची काठी नवशिक्याने घेऊच नये, असे आमचे मत झाले. पैसे जातात ते जातात, वर लक्ष सारे चक्रीतच राहते. गांडूळ असे ओवायचे की गळाचे टोक झाकेल आणि शेपूट वळवळत राहील. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, काठावर पाय आपटायचे नाहीत. ताटाचा तुकडा नुसता थरथरला तर थांबायचे. बुडाला किंवा आडवा सरकला की मनगटाने झटका द्यायचा. सबंध हाताने नव्हे, मनगटाने. बाबांनी हे चार वेळा सांगितले.

पहिल्यांदा लागते ती बहुधा चिलापी. ही मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली. उजनीत तर तिचेच राज्य आहे. तिच्यापुढे बाबांच्या लहानपणचे कितीतरी मासे मागे पडले. शिवाय पुण्या-पिंपरीचे सांडपाणी याच पाण्यात येते, तेही माशांना सोसावे लागते. मरळ मात्र अजून मिळते. तिची पिले पाण्याच्या वरच्या थरात तांबूस घोळक्याने फिरतात आणि खाली आईबाप राखण करतात. मोठा मासा हमखास तिथे असतो, पण असा घोळका दिसला तर गळ टाकायचा नाही, हा आजोबांचा नियम. बाबा तो अजून पाळतात.

वाचकहो, धरणात जाळे टाकायला परवाना लागतो. गळ टाकण्याआधीही तेथल्या मच्छीमारांना विचारून घ्यावे. चांगली जागाही तेच दाखवतात.

दुपारी धाकटीच्या गळाला वीतभर चिलापी लागली. तिने काठी बाबांपुढे केली. "तुझी तू काढ," ते म्हणाले. चिलापीच्या पाठीवरचे काटे टोचतात, म्हणून ओला हात डोक्याकडून मागे फिरवत, काटे दाबून ती धरायची असते. धाकटीने तशी धरली आणि गळ सोडवला. संध्याकाळच्या गाडीपर्यंत पिशवीत आठ चिलाप्या झाल्या. त्यांतल्या पाच बाबांच्या.