दाम रोख

आमच्या लहानपणी नागपूरजवळच्या खापरखेड्यातल्या बहुतेक घरांत पगार यायचा तो वीज केंद्रातून, नाहीतर कोळसा खाणीतून, आणि तो बाबांच्या हातात यायचा. आयांजवळ असायचा तो घरखर्चातून वाचवलेला, भिशीत टाकलेला पैसा. कॉलनीतले त्यांचे पहिले धंदे त्याच पैशावर उभे राहिले. कुणी पिको-फॉल सुरू केलं, कुणी सरगुंडे आणि मूगवड्या. 2000 च्या आगेमागे केंद्राचा तिसरा-चौथा संच उभा राहत होता, तेव्हा बाहेरगावचे फिटर-वेल्डर खोल्या करून राहिले. त्यांना घरचं जेवण हवं होतं, म्हणून मग डबे निघाले.

पापडांचं काम तर कॉलनीतल्या घरांच्या सगळ्या ओळीचं. नागपूरच्या इतवारी बाजारातून उडदाची डाळ यायची. पापडखाराच्या पाण्यात भिजवलेलं पीठ तेलाचा हात लावून कुटायचं, त्याची वळी करून दोऱ्यानं लाट्या कापायच्या. एखादी लाटी आम्ही कच्चीच पळवत असू. वाऱ्यावर कोळशाची भुकटी यायची, म्हणून पापड मच्छरदाणीखाली वाळवावे लागत.

राबायला आया कधी कमी पडल्या नाहीत. धंदा बसायचा तो उधारीनं. “आपलीच तर आहे, देऊ पगार झाल्यावर,” असं म्हणत बायका साड्या घेऊन जात. पिको करणाऱ्या काकूंना पैसे मागायचा संकोच वाटे आणि दोऱ्याची रिळं मात्र रोखीनं आणावी लागत.

हे बदललं बचत गटामुळे. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 पासून होतं, नाबार्डनं 1992 मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली होती. आमच्या ओळीत गट आला तो नंतर. महिन्याला 50 रुपये बचत, कर्जाला शेकडा 2 रुपये व्याज, आणि ते व्याजही गटातच राहायचं. बैठकीत हिशेब मोठ्यानं वाचला जाई. लिज्जतची गोष्टही तिथंच ऐकली. 1959 मध्ये गिरगावातल्या सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि देणगी कुणाकडूनही घ्यायची नाही असं ठरवलं. मग आमच्या आयांनीही ठरवलं: गटातल्या बाईकडून काहीही घ्या, दाम रोख.

त्या नियमानं काकूंचं मशीन चालू राहिलं. कुणी कुणाचं लेकरू सांभाळलं, कुणी नागपूरच्या नातेवाइकांकडे पापडाचा नमुना पोचवला. मीठ जास्त झालं तर ते करणारीच्या तोंडावर सांगितलं, पाठीमागे नाही. कर्जापेक्षाही या गोष्टींनी त्यांना जास्त धीर दिला, असं आम्हाला आज ठामपणे वाटतं.

आता या आयांच्याच सुना-मुली वॉट्सअ‍ॅपवर केकची, ब्लाउजची ऑर्डर घेतात. त्यांच्या स्टेटसला लाइक करणं सोपं आहे. पण ओळखीच्या सवलतीची अपेक्षा न धरता पूर्ण किमतीनं विकत घ्यावं, माल हातात पडताच पैसे द्यावेत आणि आवडलं तर दुसरं गिऱ्हाईक पाठवावं. आपल्या आयांनी एकमेकींसाठी हेच केलं, आणि त्यांच्या मुलींसाठी ते करणं आता आपल्याकडे आहे.