तळाची ओळ

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर अगदी तळाशी बारीक टायपात एक ओळ असते. मालक कोण, मुद्रक आणि प्रकाशक कोण, अंक छापला कुठे, संपादक कोण. डेस्कवर तिला ‘प्रिंटलाइन’ म्हणतात. वाचक ती वाचत नाहीत. पान सोडणारा उपसंपादक मात्र ती वाचतो, कारण अंकातल्या एकूण एक शब्दाचा जाब ज्याला द्यावा लागणार, त्याचे नाव तिथे असते. १८६७ च्या छापखाना कायद्याने ही ओळ सक्तीची केली आणि पुढे दीडशे वर्षे ती जागची हलली नाही.

प्रस्तुत लेखकाने नगरमध्ये डेस्कवर बरीच वर्षे रात्रपाळी केली आणि मग स्वतःचा ब्लॉग सुरू केला. पहिला मजकूर टाकल्यावर सवयीने नजर तळाशी गेली. तिथे काहीच नव्हते. नाव टाका, असे कोणी सांगितले नव्हते आणि टाकले नसते तरी कोणी विचारले नसते. रात्रपाळीत कधी वाटली नव्हती एवढी धास्ती त्या मोकळ्या जागेने वाटली.

एकट्या माणसाने आपल्या घरातून, आपल्या पैशाने, आपल्याला वाटेल ते जगाला सांगणे ही इंटरनेटने आणलेली गोष्ट नव्हे. निदान या जिल्ह्याला तरी ती नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरहूनच निघाले. पण त्याच्या मागे एक मोठी संस्था होती. खरी एकट्याची कामगिरी नेवासे तालुक्यातल्या तरवडीची. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढून सत्यशोधकांना त्यांचे पत्र दिले. त्यांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ हाती घेतले आणि तरवडीसारख्या खेड्यात बसून ते १९६७ पर्यंत, म्हणजे तब्बल सत्तावन्न वर्षे चालवले. पुण्या-मुंबईच्या पत्रांत शेतकऱ्याला जागा नव्हती, म्हणून शेतकऱ्याच्या गावातच छापखाना आला. सावकार, भटभिक्षुक, गावकामगार यांच्यावर मुकुंदराव सडकून लिहीत. १९१३ च्या ‘कुलकर्णीलीलामृता’त तर त्यांनी दप्तर हाती असलेल्या कुलकर्ण्यांची लबाडी उघडी केली.

आज ब्लॉग लिहिणारा जे करतो, तेच मुकुंदरावांनी केले. मोठ्या पत्रांनी वगळलेले विषय घेतले, वाचकाच्या बोलीत लिहिले, कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. फरक एवढाच, की ज्यांच्यावर फटके पडत ती माणसे बैलगाडीच्या अंतरावर राहत होती. लेखणी कोणाची, हे पंचक्रोशीला ठाऊक होते आणि जाब विचारायला आलेल्याला छापखान्याचे दार सापडत होते.

अशी मोकळी लेखणी आजही हवी आहे. क्षेत्रफळाने नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडपर्यंत. जिल्हा आवृत्तीच्या मोजक्या पानांत कोणत्या वाडीची बातमी बसणार आणि कोणती राहणार, हे बहुतेक वेळा जाहिराती लागल्यावर उरलेली जागा ठरवते. शाळेची गळकी खोली, रखडलेला पाझर तलाव, दुधाच्या दरातली कपात यांना ब्लॉगने आणि नंतर फेसबुकने जागा दिली. गावातली पोरे फोटोसह लिहू लागली आणि तहसील कचेरीत ते वाचले जाऊ लागले. हा बदल लेखकाने डोळ्यांनी पाहिला आहे. त्याचे मोल कमी लेखणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांशी त्याचे कधीच पटले नाही.

पण ब्लॉगवरचा शब्द नेमका कोणाचा, हा प्रश्न याच जिल्ह्यातून देशापुढे गेला.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत १६ ऑक्टोबर २०११ रोजी अण्णा हजारे यांनी मौनव्रत धरले. लोकपालासाठी रामलीला मैदानावर केलेले उपोषण संपून दोन महिनेही झाले नव्हते आणि देशाचे लक्ष गावाकडे लागलेले होते. न बोलणाऱ्या माणसाचा आवाज मग ब्लॉगवरून बाहेर पडू लागला. अण्णा मराठीत हाताने लिहीत, पत्रकार राजू परुळेकर त्यांचा ब्लॉग सांभाळत. ४ नोव्हेंबरला अण्णांनी दिल्लीत राजघाटावर मौन सोडले. त्याच सुमारास आंदोलनाच्या कोअर कमिटीची फेररचना होणार, असा मजकूर ब्लॉगवर आला आणि वाद पेटला. अण्णांनी इन्कार केला. तेव्हा परुळेकरांनी अण्णांच्या हस्ताक्षरातल्या पत्राची प्रतच इंटरनेटवर ठेवली. काही दिवसांत अण्णांनी तो ब्लॉग बंद करत असल्याचे जाहीर केले.

त्या भांडणात दोष कोणाचा, हे ठरवायला प्रस्तुत लेखक बसलेला नाही. डेस्कवर काम केलेल्या माणसाला तिथे दुसरेच काही दिसते. हाताने लिहिलेला कागद म्हणजे बातमी नव्हे. तो मनात घोळणारा विचार असेल, मसुदा असेल किंवा पक्का निर्णयही असेल. म्हणून कागद हाती आला की उपसंपादक फोन उचलतो आणि विचारतो, ‘हे आजच लावायचे ना? हेच अंतिम ना?’ त्या एका फोनमुळे कितीतरी बातम्या थांबतात, कितीतरी बदलतात. ब्लॉगवर लिहिणारा आणि प्रसिद्ध करणारा यांच्यामध्ये असा फोन करणारा तिसरा माणूस नसतो. लिहिणारा एक आणि टाकणारा दुसरा असेल, तर त्याची उणीव अधिकच भासते.

ही उणीव लेखकाने स्वतःही भोगली आहे, खरे तर दुसऱ्याला भोगायला लावली आहे. एका दुष्काळी उन्हाळ्यात पाथर्डीकडून दोन फोन आले. एका वस्तीचा पाण्याचा टँकर रस्त्यावरच्या हॉटेलापाशी रिकामा होतो, असे दोघांचेही म्हणणे होते. दोघेही विश्वासातले होते. लेखकाने त्याच रात्री ब्लॉगवर लिहिले, तेही चढ्या आवाजात. चौथ्या दिवशी तो वस्तीवर गेला. टँकरच्या लॉगबुकात त्या दिवसाची खेप नोंदलेली होती, पाणी मिळाल्याच्या सह्या होत्या आणि विहिरीत पाणी ओतताना पाहिलेल्या बाया समोर उभ्या होत्या. टँकर हॉटेलापाशी तासभर उभा होता तो चाक बसल्यामुळे. दोन्ही फोन करणाऱ्यांनी उभा टँकर पाहिला होता. पाणी उतरताना दोघांपैकी एकानेही पाहिले नव्हते. आणि मधल्या काळात चालकाचे काम सुटले होते.

लेखकाने त्याच दिवशी मूळ मजकुराच्या डोक्यावर दुरुस्ती टाकली, चालकाच्या घरी जाऊन माफी मागितली आणि ठेकेदाराला लेखी कळवले. चालकाला काम परत मिळाले. पुढच्या उन्हाळ्यात तोच जुना मजकूर लेखकाच्याच फोनवर आला. दुरुस्ती गळालेली, तारीख गळालेली, लेखकाचे नावही गळालेले. वर फक्त ‘सर्वांना पाठवा’. छापील अंकाची रद्दी होते, त्यात पुडी बांधली जाते. फिरत्या मजकुराची रद्दी होत नाही, हे तेव्हा पुरते कळले.

नाव गळालेला मजकूर काय करू शकतो, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या, मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेवरून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले. पाच माणसांच्या मारेकऱ्यांवर खटला चालवता येतो. अफवेच्या तळाशी मात्र कोणाचेच नाव नव्हते.

कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीची जखम वेगळी. १३ जुलै २०१६ रोजी तिथे एका अल्पवयीन मुलीवर झालेल्या अत्याचारानंतर आणि तिच्या खुनानंतर लोकांचा संताप मोबाइलवरून वणव्यासारखा पसरला आणि त्या संतापाने राज्याला जागे केले, हे खरे आहे. पण त्याच हातांनी मुलीचे नाव गावोगाव पोहोचवले. अल्पवयीन पीडितेची ओळख उघड करण्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे २३ वे कलम बंदी करते. पीडिता हयात नसली तरी तिचे नाव छापता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले. डेस्कवरच्या नवशिक्यालाही पहिल्या महिन्यात शिकवली जाणारी ही गोष्ट लाखो संपादकांना कोणी शिकवलीच नव्हती. हातात मोबाइल असलेला प्रत्येक जण त्या आठवड्यात संपादक झाला होता.

कायदा धावतो, पण मागून. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी डिजिटल बातमीदारांना तक्रार निवारण अधिकारी नेमायला आणि पंधरा दिवसांत निकाल द्यायला सांगितले. दुसरीकडे, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक मजकुरासाठी अटक झाली होती, ती आठवली की तो निकाल किती गरजेचा होता, हे पटते. जबाबदारीच्या नावाखाली लिहिणाऱ्याचा गळा धरणारी सत्ता मुकुंदरावांच्या काळात होती तशी आजही कुठे ना कुठे असते. म्हणूनच लिहिणाऱ्याने जबाबदारी आपणहून घेतलेली बरी.

टँकरच्या त्या उन्हाळ्यापासून प्रस्तुत लेखक प्रत्येक मजकुराच्या तळाशी चार गोष्टी लिहितो: स्वतःचे नाव, गाव, तारीख आणि चूक आढळल्यास कळवण्याचा फोन नंबर. स्वतः पाहिले किती आणि ऐकले किती, हेही मजकुरातच वेगळे सांगतो. जिल्ह्यात आज शेकडो तरुण मोबाइलवर उत्तम लिहितात, गावाच्या प्रश्नांवर हिरिरीने लिहितात. त्यांना त्याची एवढीच विनंती आहे: मजकूर पाठवण्यापूर्वी ज्याच्याविषयी लिहिले आहे, त्याला एक फोन करा. आणि तळाशी आपले नाव घाला.